झटक्यानंतर हृदयाची ताकद मोजून घ्या

हृदयविकाराच्या झटक्यातून रुग्ण वाचतो, चार-पाच दिवसांत घरी येतो आणि घरच्यांना वाटते, संकट टळले. महिनाभराने रक्तदाब तपासायला आला, की माझ्याकडे त्याचा ठरलेला प्रश्न असतो, "डॉक्टर, स्टेंट बसवला, छातीत दुखत नाही. मग पुन्हा टू-डी इको कशाला? खर्च तेवढा वाढतो."

प्रश्न रास्त आहे. स्टेंटमुळे तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी होते. पण ती बंद असताना मेलेला स्नायू परत जिवंत होत नाही. पुढचा धोका बराचसा त्यावर अवलंबून असतो आणि तो दुखण्यावरून कळत नाही.

इकोमध्ये ध्वनिलहरींच्या साहाय्याने धडधडणारे हृदय पडद्यावर दिसते. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. अहवालात 'इजेक्शन फ्रॅक्शन' हा आकडा पाहा. डाव्या कप्प्यातले किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकले जाते, ते त्यावरून समजते. साधारण ५५ ते ७० म्हणजे उत्तम. निरोगी हृदयही कप्पा पूर्ण रिकामा करत नाही, म्हणून ६० पाहून घाबरू नये. आकडा ४० च्या खाली असेल, तर हृदय अशक्त झाले आहे. कप्प्यात गुठळी आहे का, झडप गळते का, हेही इकोत दिसते.

मग एकदा पाहून का भागत नाही? झटक्यानंतर काही स्नायू मेलेला नसतो, नुसता बधिर झालेला असतो. तो काही आठवड्यांत सावरतो. म्हणून सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा मोजावे. नियमित औषधे घेऊनही आकडा ३५ किंवा त्याखाली राहिला, तर ठोके बिघडून अचानक मृत्यू येण्याचा धोका वाढतो. अशा काहींच्या छातीत शॉक देऊन ठोके ताळ्यावर आणणारे छोटे यंत्र बसवतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या 'मॅडिट-२' अभ्यासात, आकडा ३० किंवा कमी असलेल्या रुग्णांमध्ये या यंत्रामुळे मृत्यूचा धोका ३१ टक्क्यांनी घटला. यंत्र महाग आहे आणि सर्वांना लागत नाही. कोणाला लागेल, हे ठरवायला आधी आकडा हवा.

आकडा सुधारला म्हणून गोळ्या बंद करू नका. तो गोळ्यांमुळेच सुधारला असेल. धाप लागली, पाय सुजले किंवा शुद्ध हरपली, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि इकोचे दोन्ही अहवाल एकाच फायलीत जपून ठेवा.