ईर्षा मैदानातली, थट्टा कट्ट्यावरची

कोल्हापुरात छत्रपती शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल सामना संपला, की दुसरा सामना सुरू होतो. पहिल्या सामन्याला पंच असतो आणि वेळेचे बंधन असते. दुसरा सामना तालमीच्या कट्ट्यावर, चहाच्या गाड्यावर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळीच्या टेबलावर खेळला जातो. त्यात चेंडू नसतो; असतात ते टोमणे, कोट्या आणि कोपरखळ्या. हरलेल्या पेठेतील पाठीराख्याला चहाला बोलावून त्याच्यासमोर शांतपणे कालच्या हुकलेल्या गोलची आठवण काढणे, हा या दुसऱ्या सामन्यातील सर्वांत परिणामकारक डाव मानला जातो.

बाहेरगावच्या माणसाला हा प्रकार भांडणासारखा वाटतो. आवाज चढलेले असतात आणि भाषा रांगडी असते. परंतु थोड्याच वेळात तीच माणसे एकाच दुचाकीवरून घरी जाताना दिसतात. कोल्हापूरकर या वृत्तीला ‘ईर्षा’ म्हणतात. शब्दकोशात या शब्दाचा अर्थ मत्सर असा असला, तरी कोल्हापूरच्या बोलण्यात त्याला चुरशीची आणि जिद्दीची छटा आहे. या ईर्षेचे वैरात रूपांतर झाले, की मात्र मैदानावर दगड येतो, पोलिसांची काठी येते आणि हंगामच धोक्यात येतो. म्हणूनच ही थट्टामस्करी नेमकी कशावर उभी आहे आणि ती कोठे बिघडते, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

तालमीतून मैदानात

कोल्हापूरच्या फुटबॉलचे मूळ तालमीत आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि १९१२ साली पूर्ण झालेले खासबाग मैदान आजही त्याची साक्ष देते. पेठापेठांतील तालमी म्हणजे निव्वळ कुस्तीचे आखाडे नव्हते. तेथे गणपती बसतो, अनेक तालमींत मोहरमचे पंजेही बसतात, पेठेतील तंटे मिटवले जातात आणि अडल्यानडल्याला मदत उभी राहते. फुटबॉल आला, तेव्हा तो याच तालमींच्या अंगणात रुजला.

त्यामुळे येथील संघांची नावेही तालमींचीच आहेत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, जुना बुधवार पेठ तालीम ही त्यांतील काही. त्यांच्या जोडीला प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, फुलेवाडी फुटबॉल क्रीडा मंडळ असे संघ आहेत. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजेच ‘केएसए’च्या वरिष्ठ गटाच्या साखळी स्पर्धेत १६ संघ खेळत आले आहेत. साखळीनंतर चषकांच्या बाद स्पर्धा रंगतात. साधारणपणे हिवाळ्यात सुरू होणारा हा हंगाम पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो.

मुंबई-पुण्याचा प्रेक्षक आपला संघ निवडतो. कोल्हापुरात संघ जन्माने मिळतो. ज्या पेठेत घर, त्या पेठेचा संघ आपला. येथे विजय पेठेचा असतो आणि पराभवाची नामुष्कीही पेठेचीच असते. ‘प्रॅक्टिस’ विरुद्ध ‘पाटाकडील’ किंवा ‘पाटाकडील’ विरुद्ध ‘खंडोबा’ हा सामना असला, की दुपारपासूनच रस्ते स्टेडियमच्या दिशेने वाहू लागतात, ते यामुळेच.

थट्टेचा पाया : नातेसंबंध

पेठा एकमेकींच्या प्रतिस्पर्धी असल्या, तरी त्या एकमेकींना परक्या नाहीत. मंगळवार पेठेतील मुलाचा मामा शिवाजी पेठेत राहत असतो, बहीण रविवार पेठेत दिलेली असते, धंद्यातला भागीदार बुधवार पेठेतला असतो. एकाच महाविद्यालयाच्या बाकावर चार संघांचे पाठीराखे बसतात. हरल्यानंतर मामाच्या घरी जेवायला जाणे ही मोठी परीक्षा असते, कारण तांबडा-पांढरा रस्सा वाढता वाढता मामा किती गोल झाले, ते मोजून दाखवणार, हे ठरलेले असते.

या थट्टेला शब्दसामग्रीही आयती मिळते. संघांच्या नावांतच कोट्यांची सोय आहे. प्रॅक्टिस क्लब हरला, की ‘प्रॅक्टिस कमी पडली’ हे कोणालाही सुचते. बालगोपाल जिंकला, की ‘पोरांनी हरवले’ असे म्हणून पराभूताच्या जखमेवर मीठ चोळता येते. काही हंगामांत नायजेरियासारख्या देशांतील खेळाडूही पेठांच्या संघांतून खेळले. ‘गोल तुमच्या पेठेने केला की आफ्रिकेने?’ हा प्रश्न त्या काळात सहज विचारता येण्याजोगा होता. गेल्या हंगामात आपल्याकडे असलेला खेळाडू यंदा समोरच्या संघातून उतरला, की त्याच्या वाट्याला तर दोन्ही बाजूंचे टोमणे येतात.

या सगळ्याचा पाया एकच असतो. ज्याची थट्टा केली, तो उद्या पुन्हा भेटणार आहे, याची दोघांनाही खात्री असते. उद्या भेटायचे असल्यामुळे शब्दाला आपोआप माप राहते, आणि परतफेडीची संधी मिळणार असल्यामुळे ऐकणाऱ्यालाही ते सोसते.

आकडेच बोलतात

विश्वचषकाच्या वर्षी ही चुरस पेठेच्या वेशीबाहेर पडते. कोल्हापुरात ब्राझील आणि अर्जेंटिना यांचे दोन तट पडतात, गल्लीबोळांत त्यांचे झेंडे लागतात, खेळाडूंचे फलक उभे राहतात. एरवी एकाच तालमीचे असलेले दोघे भाऊ महिनाभरासाठी प्रतिस्पर्धी होतात.

येथे थट्टेचे शस्त्र म्हणजे आकडा. ८ जुलै २०१४ रोजी बेलो होरिझोंटे येथे जर्मनीने ब्राझीलला ७-१ असे नमवले. तेव्हापासून ब्राझीलच्या पाठीराख्याला गप्प करण्यास ‘सात-एक’ एवढे दोन शब्द पुरेसे आहेत. त्याच्याकडेही उत्तर असते. ब्राझीलने १९५८, १९६२, १९७०, १९९४ आणि २००२ असे पाच वेळा विश्वविजेतेपद मिळवले आहे. अर्जेंटिनाला मात्र १९८६ नंतर ३६ वर्षे वाट पाहावी लागली. ती प्रतीक्षा १८ डिसेंबर २०२२ रोजी कतारमध्ये संपली. फ्रान्सविरुद्धचा अंतिम सामना ३-३ असा बरोबरीत सुटल्यानंतर पेनल्टी शूटआउटमध्ये अर्जेंटिनाने ४-२ अशी बाजी मारली आणि ब्राझीलवाल्यांच्या हातातील एक हुकमी पान कायमचे गेले.

आकड्यांचे हे शस्त्र फुटबॉलपुरते मर्यादित नाही. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये त्याचे याहूनही गमतीदार उदाहरण सापडते. बॉस्टनचा रेड सॉक्स आणि न्यूयॉर्कचा यांकीज हे तेथील पिढीजात प्रतिस्पर्धी. रेड सॉक्सने १९१८ साली ‘वर्ल्ड सिरीज’ हे सर्वोच्च विजेतेपद जिंकले. त्यानंतर दोनच हंगाम उलटण्याच्या आत त्यांनी बेब रूथ हा आपला मोहरा यांकीजला विकला. रूथच्या बळावर यांकीजचे दिवस पालटले आणि बॉस्टनच्या नशिबी दीर्घ दुष्काळ आला. यांकीजच्या मैदानावरील प्रेक्षक पुढे बॉस्टनच्या खेळाडूंना शिव्या देत बसले नाहीत. ते फक्त एका सुरात ‘१९१८’ एवढेच ओरडत. त्या एका वर्षात सारा अपमान सामावलेला होता.

त्याची परतफेड २००४ मध्ये झाली. यांकीजविरुद्धच्या मालिकेत ०-३ असे पिछाडीवर असताना रेड सॉक्सने सलग चार सामने जिंकले आणि पुढे ८६ वर्षांनी विजेतेपदही पटकावले. त्या दिवसापासून ‘१९१८’ ही आरोळी निरुपयोगी ठरली. चांगल्या थट्टेचे हे एक लक्षण म्हणता येईल. तिला मैदानावर उत्तर देता येते आणि उत्तर मिळाले, की ती संपते.

खेळ तशी थट्टा

खेळाच्या रचनेवरही थट्टेचे स्वरूप अवलंबून असते. बेसबॉलमध्ये क्रिकेटप्रमाणे प्रत्येक चेंडूनंतर खेळ थांबतो. त्या विरामात प्रेक्षकाला बोलायला उसंत मिळते, त्यामुळे तेथील टोमणा एकट्यादुकट्याचा आणि शब्दप्रधान असतो. शिवाय तेथे एक संघ हंगामात १६२ सामने खेळतो. आज हरले तरी उद्या पुन्हा सामना असतो आणि राग साचायला वेळ मिळत नाही.

फुटबॉलमध्ये चेंडू सतत धावत असतो. सुटे वाक्य ऐकायला कोणाला सवड नसते. त्यामुळे तेथे समूहाचा घोष, टाळ्या आणि ताल यांना महत्त्व येते. गोलही मोजकेच होतात. नव्वद मिनिटांतील एका चुकीवर सारा निकाल फिरतो आणि त्याची सल पुढच्या भेटीपर्यंत राहते. कोल्हापुरात दोन पेठांची गाठ हंगामात काही वेळाच पडते, म्हणजे ही सल आठवडेच्या आठवडे मुरते. समूहाचा आवाज आणि मुरलेली सल एकत्र आली, की ठिणगीला वेळ लागत नाही.

सीमारेषा कोठे?

ही ठिणगी काय करू शकते, हे कोलकात्याने पाहिले आहे. ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्यातील थट्टा एरवी मोठी चविष्ट असते. ईस्ट बंगाल जिंकला, की त्याच्या पाठीराख्यांच्या घरी हिलसा मासा शिजतो आणि मोहन बागान जिंकला, की कोळंबी. परंतु १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात खेळाडूंमधील धुसफुशीचे लोण प्रेक्षकांत पसरले. हाणामारी आणि चेंगराचेंगरीत १६ जणांचा बळी गेला. सामना पाहायला गेलेली मुले घरी परतली नाहीत.

कोल्हापूरने इतकी भीषण किंमत मोजलेली नाही. तथापि दगडफेक, हाणामारी, लाठीमार आणि त्यामुळे खंडित झालेल्या स्पर्धा या शहराने अनुभवल्या आहेत. मोठे सामने पोलीस बंदोबस्तात होतात. हुल्लडबाजीचा फटका सर्वप्रथम खेळाडूंना बसतो, कारण स्पर्धा थांबली तर त्यांचा हंगाम वाया जातो. त्यानंतर तो गॅलरीतील पोरांना बसतो. पोलीस किंवा सैन्य भरतीचे स्वप्न पाहणाऱ्या तरुणावर दंगलीचा गुन्हा दाखल झाला, तर चारित्र्य पडताळणीत तो आडवा येतो. सामन्यातील एका क्षणाचा राग अशा रीतीने वर्षानुवर्षे पाठ सोडत नाही.

थट्टेची सीमारेषा सांगणे अवघड नाही. चुकलेला पास, हुकलेली पेनल्टी, संघाचे नाव, जुना पराभव हे सारे तिच्या आतले. आई-बहीण, जात-धर्म, शरीराचे व्यंग हे सारे बाहेरचे. कट्ट्यावर ही रेषा कोणी आखून द्यावी लागत नाही, कारण समोर माणूस असतो आणि शेजारी वडीलधारे बसलेले असतात. अडचण होते ती दोन ठिकाणी. गर्दीत चेहरा हरवतो आणि मोबाइलच्या पडद्यावर तो दिसतच नाही. मामासमोर जे बोलण्याची हिंमत होणार नाही, ते पडद्याआडून सहज लिहिले जाते. कट्ट्यावरचे बोलणे वाऱ्यावर विरते. लिहिलेले मात्र शंभर ठिकाणी पोहोचते आणि पुढच्या सामन्यापर्यंत शिल्लक राहते. जिवंत माणसाला तोंडावर केलेल्या थट्टेत जी आपुलकी असते, ती तेथे गळून पडते आणि नुसता अपमान उरतो.

प्रतिस्पर्धी हवाच

आणि तरीही ईर्षा नकोच, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. त्याचे रीतसर प्रशिक्षण पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाले असले, तरी गल्लीतील पोराच्या पायाला चेंडू लावणारे वातावरण हे शहर पिढ्यान् पिढ्या जपत आले आहे आणि त्या वातावरणात पेठांच्या चुरशीचा वाटा मोठा आहे. समोर हरवायला कोणी नसेल, तर सराव कोणासाठी करायचा?

प्रतिस्पर्धी हा शत्रू नसतो, हे कसोटीच्या वेळी कळते. १५ एप्रिल २०१३ रोजी बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये यांकीजच्या मैदानावर, एरवी बॉस्टनच्या मैदानाची ओळख असलेले गाणे मुद्दाम वाजवण्यात आले. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यातील आर. जी. कर रुग्णालयातील महिला डॉक्टरच्या हत्येनंतर ईस्ट बंगाल, मोहन बागान आणि मोहम्मडन स्पोर्टिंग या तिन्ही संघांचे पाठीराखे आपापले झेंडे घेऊन एकत्र रस्त्यावर उतरले. आयुष्यभर एकमेकांना चिडवणाऱ्यांना एकमेकांच्या दुःखाची भाषाही येत असते.

कोल्हापूरला हे नवे नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात मदतीला धावताना कोणी कोणाला पेठ विचारली नव्हती. पाणी ओसरले, घरे उभी राहिली आणि पुन्हा कट्टे भरले. त्या कट्ट्यांवर कालच्या सामन्याचा हिशेब आजही मांडला जातो. तो मांडणाऱ्याने एवढेच ध्यानात ठेवायचे, की समोरच्याने उद्याही चहाला यायला हवे. तो आलाच नाही, तर चिडवायचे कोणाला?