हाउसबोट पाण्याबाहेर काढायची, तर ट्रेलर कोणता?

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांना वैनगंगा वेगळे करते आणि जोडतेही. पूल दूर असलेल्या गावांतील माणसे आजही शेतीच्या कामासाठी नावेने पैलतीर गाठतात. २३ जानेवारी २०२४ रोजी चामोर्शी तालुक्यातील गणपूर (रै) येथे अशीच एक नाव उलटली आणि मिरची तोडण्यासाठी निघालेल्या सहा महिलांना जलसमाधी मिळाली. नदीवरचा प्रवास किती नाजूक असतो, याची ती दुःखद आठवण होती.

डोंगा किंवा लहान नाव असेल, तर चार माणसे ती ओढून काठावर घेतात, उपडी करतात आणि तिचा तळ तपासतात. मोठ्या बोटीचे तसे नाही. याच वैनगंगेवर, वरच्या अंगाला गोसीखुर्दच्या जलाशयात जलपर्यटनाचा प्रकल्प राज्य सरकारने हाती घेतला आहे. ताडोबाच्या मोहर्ली बाजूला इरई धरणाचे पाणी पसरलेले आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या भागात मोठ्या बोटी आल्या, तर त्या पाण्यात कशा सोडायच्या, याचा विचार सारेच करतात. त्या बाहेर कशा काढायच्या, हा प्रश्न मात्र मागे राहतो.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार यांत्रिक बोटींची नोंदणी आणि सर्वेक्षण आवश्यक आहे. बोटीचा खरा धोका तळाशी दडलेला असतो. कुजलेली फळी, सैल झालेला सांधा किंवा गंजून पातळ झालेला पत्रा वरून दिसत नाही. त्यासाठी बोट कोरडी करून पाहावी लागते.

आधी वजन, मग ट्रेलर

ट्रेलर शोधण्यापूर्वी बोटीचे वजन ठाऊक हवे. ते काढण्याची युक्ती आर्किमिडीजने सांगून ठेवली आहे. तरंगणारी वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढेच तिचे वजन असते. समजा, एक हाउसबोट १५ मीटर लांब व ४ मीटर रुंद आहे आणि तिचा तळ अर्धा मीटर पाण्यात बुडतो. या तिन्हींचा गुणाकार ३० घनमीटर. एक घनमीटर गोड्या पाण्याचे वजन एक टन. तळ पेटीसारखा सपाट असेल, तर बोटीचे वजन ३० टनांच्या जवळ जाते. दोन्ही टोके निमुळती असतील, तर साधारण ६० टक्के, म्हणजे १८ टन धरावे.

या वजनात टाक्यांतील पाणी, डिझेल, मैला, फर्निचर आणि तळाशी साचलेले पाणीही येते. बोट बाहेर काढण्याआधी हे सारे रिकामे केले, तर भार बराच हलका होतो.

अडचण वजनाची नाही, रुंदीची

२०१८ मध्ये केंद्र सरकारने मालवाहनांची भारमर्यादा वाढवली, तेव्हा जोडवाहनाच्या एकूण वजनाची कमाल मर्यादा ५५ टन झाली. १८ किंवा अगदी ३० टनांची बोट ट्रेलरच्या वजनासह या मर्यादेत बसू शकते. रुंदीचे मात्र तसे नाही. रस्त्यावरील वाहनाची रुंदी २.६ मीटरपेक्षा अधिक असू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. चार मीटर रुंदीची बोट त्याच्या कितीतरी पुढे जाते. अशा वाहतुकीसाठी विशेष परवानगी घ्यावी लागते आणि वाटेतील पूल, वळणे व अरुंद जागा आधी पाहून ठेवाव्या लागतात.

उंचीचेही तेच. साध्या ट्रेलरची फळी जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंच असते. लो-बेड ट्रेलरची सुमारे एक मीटर. वर बोटीचे छत आले की रस्त्यावर झुकलेल्या फांद्या आणि विजेच्या तारा आड येतात. जंगलातील रस्त्यावर फांदी तोडायची, तरी वन विभागाची परवानगी हवी. म्हणून वरचे छत सुटे करता येणारी बोट अशा भागात अधिक शहाणपणाची. केरळातील केट्टुवल्लम या पारंपरिक बोटींवरील बांबू आणि काथ्याचे छप्पर या दृष्टीने सोयीचे आहे.

कोणता ट्रेलर कशासाठी?

पूरकाळात वापरल्या जाणाऱ्या लहान बोटींना दोन चाकांचा, रुळांचा ट्रेलर पुरतो. तो थेट पाण्यात ढकलता येतो. येथे बोटीसह ट्रेलरच्या एकूण वजनाचा पाच ते दहा टक्के भार जोडणीच्या बाजूला असावा. तो कमी पडला, तर धावताना ट्रेलर डोलू लागतो.

मोठ्या बोटीला लो-बेड किंवा अनेक चाकांचा हायड्रॉलिक अ‍ॅक्सल ट्रेलर लागतो. हायड्रॉलिक ट्रेलरची फळी वरखाली करता येते आणि खडबडीत जागीही सर्व चाकांवर भार सारखा राहतो. पाण्यात असताना बोटीला सर्व बाजूंनी सारखा आधार मिळतो. बाहेर येताच तिचे सारे वजन मोजक्या ठोकळ्यांवर येते. ते ठोकळे कण्याखाली आणि बरगड्यांखाली बसले नाहीत, तर चांगली बोटही ट्रेलरवरच तडकते. म्हणून ट्रेलरबरोबर बोटीच्या तळाचा आराखडाही हाती असावा.

काठाचे गणित

खरी परीक्षा काठावर होते. ट्रेलरची फळी एक मीटर उंच आणि बोट अर्धा मीटर बुडणारी असेल, तर ती तरंगत फळीवर येण्यासाठी किमान दीड मीटर पाणी हवे. आठास एक अशा उतारावर ही खोली काठापासून १२ मीटर आत मिळते. म्हणजे ओढणारा ट्रक कोरड्या जमिनीवर ठेवून लांब दांडा किंवा विंचचा दोर वापरणे भाग पडते. त्यासाठी पाण्याखाली दूरवर गेलेला सिमेंटचा भक्कम उतार हवा. वैनगंगेच्या वाळूत किंवा धरणकाठच्या चिखलात भरलेल्या ट्रेलरची चाके रुततात.

क्रेनचा पर्याय आहे. पण क्रेनची क्षमता तिच्या पायाजवळची असते. बोट जितकी दूर, तितकी ती क्षमता झपाट्याने घटते. १८ टनांच्या बोटीसाठी २० टनांची क्रेन मागवणारा फसतो.

ओसरणारे पाणी

कोकणातील कोळी बांधव भरतीच्या पाण्यावर होडी किनाऱ्याला लावतात आणि ओहोटीला तिचा तळ दुरुस्त करतात. चंद्रपूर-गडचिरोलीत भरती-ओहोटी नाही. परंतु धरणाला वर्षातून एकदा येणारी दीर्घ ओहोटी आहे. पावसाळ्यानंतर भरलेला जलाशय उन्हाळ्यापर्यंत खाली जातो. काठाजवळची टणक, सपाट जागा आधीच्या उन्हाळ्यात हेरून तेथे पक्के ठोकळे बसवले आणि पाणी असताना बोट त्यांच्यावर नेमकी बांधून ठेवली, तर उतरते पाणी तिला हळुवारपणे ठोकळ्यांवर ठेवून जाते. तळ तपासा, रंगवा, दुरुस्त करा. पावसाळ्यात पाणी चढले की ती पुन्हा तरंगेल. यासाठी धरणाची पातळी केव्हा किती असेल, याची माहिती पाटबंधारे खात्याकडून घ्यावी लागते आणि तेथे काम करण्याची परवानगीही लागते. नदीच्या पात्रात मात्र हा उपाय करू नये. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले की तेथे पाणी अवचित चढते.

बोट दुसऱ्या जलाशयात न्यायची असेल, तर ट्रेलरला पर्याय नाही. केवळ तपासणी करायची असेल, तर बहुधा त्याची गरज पडत नाही. निर्णय कोणताही असो, तो बोट विकत घेण्यापूर्वी व्हायला हवा. बोट बाहेर काढण्याची जागा आणि साधन ठरलेले नसेल, तर ती पाण्यात उतरवण्याची घाई कोणी करू नये. तळ न पाहता वर्षानुवर्षे चालणाऱ्या बोटीची किंमत शेवटी तिच्यात बसणाऱ्यांना मोजावी लागते.