टिकलेले उद्योग – लेखांक 9 : रापणीचे वाटेकरी

गेल्या आठवड्यात आपण जपानच्या कोंगो गुमीपाशी थांबलो होतो. इसवी सन 578 पासून मंदिरे बांधणारी ही कंपनी 2006 मध्ये दुसऱ्या कंपनीच्या पोटात गेली. मंदिरांची कामे संपली म्हणून नव्हे, तर जमिनीच्या तेजीत डोक्यावर घेतलेले कर्ज फेडता आले नाही म्हणून. या वेळी इतके लांब जायला नको. मालवणहून देवबागच्या रस्त्याला लागायचे, वायरी मागे टाकली की तारकर्ली. इथल्या वाळूत एक उद्योग चालतो. त्याला कचेरी नाही, ताळेबंद नाही, अमुक एक मालकही नाही. तो म्हणजे रापण.

पर्यटकांनी रापण पाहिलेली असते ती फोटोपुरती. कुणी हौसेने दोराला हातही लावतो आणि दहा मिनिटांत दमून नारळपाणी शोधू लागतो. प्रत्यक्ष काम असे चालते: दोराचे एक टोक किनाऱ्यावर धरलेले असते. होडी जाळे सोडत समुद्रात जाते, मोठा अर्धगोल घेते आणि दुसरे टोक लांबवर किनाऱ्याला आणते. मग दोन्ही टोकांना माणसे लागतात. ओढता ओढता दोन्ही टोळ्या एकमेकींकडे सरकत येतात आणि शेवटी जाळ्याची खोळ वाळूवर येते. बांगडा, तारली, पेडवे, जे नशिबी असेल ते. कधी भरपूर, कधी कालवणापुरते, कधी नुसता केरकचरा.

असे जाळे एका घराला परवडत नाही आणि परवडले तरी एका घराला ओढवत नाही. म्हणून ते अनेकांचे. कुणाचे जाळ्याचे तुकडे, कुणाची होडी, कुणाचे नुसते दंड. मासळी विकली की खर्च बाजूला काढायचा आणि उरलेल्याचे वाटे घालायचे. जाळ्याला वाटा, होडीला वाटा, कष्टाला वाटा. वाटे किती आणि कसे, हे प्रत्येक रापण संघाचे आपापले गणित असते.

धंद्याच्या दृष्टीने यातली खरी मेख अशी की इथे कुणाला ठरलेला पगार नाही. मासे लागले नाहीत तर वाटा शून्य, पण संघाच्या डोक्यावर देणेही शून्य. सलग पंधरा दिवस समुद्र रिकामा राहिला तरी संघ दिवाळखोरीत जात नाही. माणसे घरी जातात, माडांना पाणी घालतात, पुन्हा मासा दिसला की येतात. उलट यांत्रिक नौकेचे पाहा. डिझेल, बर्फ, खलाशांची उचल, बँकेचा हप्ता. मासा असो वा नसो, तिला समुद्रात जावेच लागते. किनाऱ्याला बांधून ठेवली तरी हप्ता चालूच. तारलीसारखा मासा वर्षावर्षाला विलक्षण हेलकावे खातो. अशा मालावर ठरलेल्या हप्त्याचा धंदा उभा करणे हे धाडस आहे, आणि ते कधीकधी फार महागात पडते.

शेल कंपनीत नियोजनाचे काम केलेल्या आरी द ग्यूस यांचा उल्लेख या मालेत आधी आला आहे. शेलने 1980च्या दशकात जुन्या, टिकलेल्या कंपन्यांचा अभ्यास केला होता आणि त्याच्या आधारे द ग्यूस यांनी 1997 मध्ये ‘द लिव्हिंग कंपनी’ हे पुस्तक लिहिले. दीर्घायुषी कंपन्यांच्या चार खुणा त्यांनी सांगितल्या: भोवतालची जाण, आपलेपणाची घट्ट वीण, कडेकडेच्या प्रयोगांना मोकळीक आणि पैशाच्या बाबतीत जपून राहणे. रापणीला पहिली, दुसरी आणि चौथी खूण चपखल लागते. पाण्याचा रंग आणि पक्ष्यांची झुंबड पाहून मासा ओळखणे ही भोवतालची जाणच. तिसऱ्या खुणेपाशी मात्र घोडे अडते. सुताचे जाळे जाऊन नायलॉन आले, एवढा बदल रापणीने पचवला. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाल्यावर खोल्या, खानावळी, डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या, स्कूबा असे जे प्रयोग झाले, ते घराघराने केले. रापण संघाने संघ म्हणून नव्हे. त्यामुळे कमाईचा नवा रस्ता उघडला खरा, पण दोर ओढणारे हात त्याच रस्त्याने निघून जाऊ लागले.

पण माझी द ग्यूस यांच्या यादीशी खरी तक्रार वेगळी आहे. ती यादी कंपनीच्या आतच पाहते. रापण माशामागे धावत नाही. मासा किनाऱ्याजवळ येईल तेव्हा त्याला घेरते. तो वाटेतच उचलला गेला तर आतली वीण कितीही घट्ट असली तरी काय उपयोग? कर्नाटकात हे घडून गेले आहे. 1970च्या दशकाच्या मध्यावर मंगळूरकडे माशांचा अख्खा थवा समुद्रातच घेरणारी पर्ससीन जाळी आली आणि थोड्याच वर्षांत तिथली रांपणी, म्हणजे तिथली रापण, जवळपास संपली. त्याच सुमारास गोव्यात मच्छीमारांचे नेते माथानी साल्ढाणा यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने रापण ओढणारे रांपणकार रस्त्यावर उतरले होते. महाराष्ट्रात 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे. फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने पर्ससीनवर काळाची आणि क्षेत्राची बंधने आली आणि 2021 मध्ये कायदा दुरुस्त करून दंड लाखांत नेला गेला. तरीही रात्री समुद्रात मासा ओढून घेणारे एलईडीचे दिवे दिसले की मालवणात वाद पेटतो. किनाऱ्यावरच्या संघाचे आयुष्य असे मैलोन् मैल दूरच्या गस्तीनौकेवर अवलंबून असते, आणि गस्तीनौका काही संघाच्या वाट्यात नसते.

कर्नाटकातल्या गोष्टीचा पुढचा भाग मला अधिक अस्वस्थ करतो. तिथल्या रांपणकारांपैकी काहींनी गट करून स्वतःच पर्ससीन नौका घेतल्या. माणसे तीच, वाटे घालायची सवय तीच. फक्त जाळे बदलले आणि बँकेचा हप्ता आला. मग तिथे उद्योग टिकला म्हणायचा की बुडाला? कोंगो गुमीचे सुतार आजही मंदिरे बांधतात, मालक बदलला. इथे मालक तेच राहिले, काम बदलले. पुढच्या आठवड्यात हाच प्रश्न घेऊन किर्लोस्करवाडीला जाऊ. बेळगावात 1888 मध्ये सायकलींच्या दुकानापासून सुरू झालेला किर्लोस्करांचा उद्योग नांगरावर आणि नांगरावरून पंपावर कसा गेला, हे तिथे पाहायचे आहे.