अर्धशिशीची लाट

देवळालीस हवापालटासाठीं जाणाऱ्या कुटुंबांस त्या गांवाच्या नांवाची एक विचित्र कथा क्वचितच ठाऊक असते. एकोणिसाव्या शतकांत मायदेशीं परतणारे गोरे शिपाई देवळाली कॅम्पांत आगबोटीची वाट पाहत कित्येक आठवडे पडून राहत. उकाडा, रोगराई व रिकामपण यांनीं कित्येकांचें चित्त ठिकाणावर राहत नसे, असें सांगतात. त्या अवस्थेस शिपायांच्या बोलींत 'डूलाली टॅप' असें नांव पडलें. डूलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे ताप! जें दुखणें डोळ्यांना दिसत नाहीं, त्याची थट्टाच व्हावयाची.

आपल्या घरांत तरी निराळें काय घडतें? सणाच्या दिवशीं सून डोकें धरून अंधाऱ्या खोलींत निजली, कीं "कामाच्या वेळींच बरें हिचें डोकें उठतें!" हा शेरा ठरलेला. अर्धशिशीच्या कांहीं रोग्यांस डोकें दुखण्यापूर्वीं दृष्टीपुढें लखलखती, नागमोडी रेघ दिसते. ती हळूहळू पसरते व तिच्यामागें कांहीं काळ आंधळा डाग राहतो. हें ढोंग खास नव्हे.

कार्ल लॅशली या अमेरिकन शास्त्रज्ञानें स्वतःस दिसणाऱ्या अशा रेघेचे नकाशे काढले आणि १९४१ सालीं गणित मांडलें, कीं मेंदूच्या दृष्टिकेंद्रावरून कांहींतरी मिनिटास सुमारें ३ मिलिमीटर वेगानें सरकत असावें. १९४४ सालीं ब्राझीलचे अरिस्टिडेस लेआँव यांस हार्वर्ड विद्यापीठांत फेफऱ्याचा अभ्यास करतांना सशाच्या मेंदूंत तशाच मंद गतीची लाट आढळली. ती कुरणांतील वणव्यासारखी असते. पेशींतील पोटॅशियम बाहेर पडून शेजारच्या पेशींस चेतवितें. आघाडीस क्षणभर विजेची खळबळ उडते व मागें कांहीं मिनिटें सर्व सामसूम होतें. पुढें पेशी पुन्हां सावरतात. लखलखती रेघ ही त्या वणव्याची आघाडी आणि आंधळा डाग ही त्याची पिछाडी! २००१ सालीं चुंबकीय चित्रणानें माणसाच्या मेंदूंतही अशी लाट सरकतांना दिसली.

गृहस्थांनीं यांतून एक भेद ध्यानांत ठेवावा. अर्धशिशीची लक्षणें बहुधा मिनिटामिनिटानें पसरत जातात. पक्षाघात अकस्मात् गांठतो. तोंड वांकडें झालें, हात लुळा पडला, वाचा अडखळली किंवा दृष्टि एकाएकीं गेली, तर 'अर्धशिशीच असेल' असें म्हणून न थांबतां रोग्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. एरवीं अंधारी खोली, शांतता व डॉक्टरांनीं दिलेलें औषध वेळेवर, इतकें पुरे. आणि शेरा मारण्यापूर्वीं देवळालीच्या त्या शिपायांची आठवण ठेवावी.