हवेत इंजिन बंद पडलं तर?

आपल्या घरांतली मुलं-मुलीही आता पायलट व्हायचं म्हणतात, आणि अम्मीचा पहिला सवाल हाच असतो. इंजिन गेलं तरी विमान दगडासारखं पडत नाही, तरंगत उतरतं. हजार फुटांवरून सेसना १७२ साधारण अडीच किलोमीटर जाऊ शकतं. आधी वेग सांभाळायचा, मग मोकळी जागा हेरायची, वेळ उरला तर बिघाड शोधायचा. टेक-ऑफनंतर लगेच इंजिन गेलं, तर धावपट्टीकडे वळण्याचा मोह जीवघेणा ठरतो. वळताना वेग पडला की पंखांचा आधार सुटतो. समोरच उतरायचं. २०१५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये अभिनेते हॅरिसन फोर्ड इंजिन बंद पडल्यावर गोल्फच्या मैदानात उतरले. जखमी झाले, पण वाचले. आणि टाकीतलं इंधन उड्डाणाआधी स्वतः डोळ्यांनी बघायचं. तवक्कुल म्हणजे तयारी सोडणं नव्हे.