चित्र की शब्द?

संगणकावर लिहिलेला मजकूर जतन करण्यासाठी तुम्ही अनेकदा एका छोट्या चौकोनी चित्रावर क्लिक करता. ते चित्र फ्लॉपीचे आहे. साडेतीन इंची फ्लॉपीत साधारण १.४४ मेगाबाइट एवढीच माहिती मावत असे. तुमच्यापैकी अनेकांनी ती पाहिलीही नसेल. वस्तू गेली, चित्र मात्र राहिले! अशा चित्रांना ‘आयकॉन’ म्हणतात. १९८४ साली आलेल्या मॅकिंटॉश संगणकाचे आयकॉन सुझन केअर या चित्रकर्तीने काढले होते.

संगणक किंवा मोबाइल कसा वापरावा, हे सांगणाऱ्या माहितीपुस्तिका असतात. त्यांतील वाक्यांच्या मधोमध हे आयकॉन छापावेत का?

काही पुस्तिकांत नाव न देता नुसते चित्रच छापतात. ‘आता (चित्र) दाबा.’ हे वाक्य मोठ्याने वाचून पाहा. अडखळलात ना? हेच फोनवरून आजोबांना कसे सांगाल? शिवाय पानाची झेरॉक्स काढली की ते इवलेसे चित्र काळा ठिपका होऊन बसते. अंध व्यक्ती ‘स्क्रीन रीडर’च्या मदतीने मजकूर ऐकतात. चित्रासोबत त्याचे नाव नोंदवलेले नसेल, तर वाक्यातील नेमका महत्त्वाचा शब्दच त्यांना ऐकू येत नाही.

मग चित्रे काढूनच टाकावीत काय? तसेही नाही. पुष्कळ बटणांवर शब्दच नसतो. वरच्या कोपऱ्यातील तीन आडव्या रेघा आठवा. ‘मेनू उघडा’ एवढेच लिहिले, तर नवखा माणूस पडद्यावर ‘मेनू’ हा शब्द शोधत बसेल. माझ्या मते, अशा ठिकाणी आधी नाव लिहावे आणि लगेच पुढे चित्र द्यावे. एकदा ओळख झाली, की नंतर नाव पुरते. बटणावर ‘पुढे’ असे लिहिलेलेच असेल, तर चित्राची गरज नाही. चित्र अक्षरांच्या उंचीचेच हवे, नाहीतर ओळी वरखाली सरकतात. मराठीत आधीच वेलांट्या वर आणि उकार खाली, जागा असते कुठे!

उर्दू वाचणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण असते. मराठी किंवा इंग्रजी पडद्यावर ‘मागे’ जाण्याचा बाण डावीकडे तोंड करून असतो. उर्दूची सोय असलेल्या ॲपमध्ये भाषा बदलली, की पडद्याची मांडणी उजवीकडून डावीकडे होते आणि तो बाणही उजवीकडे वळतो. गाणे सुरू करण्याचा त्रिकोण मात्र सहसा वळत नाही, कारण तो टेपची दिशा दाखवतो. इंग्रजी पुस्तिकेचा उर्दू अनुवाद करताना जुनाच बाण ठेवला, तर वाचक तो डावीकडे शोधत राहील. म्हणून केवळ शब्दांचा अनुवाद पुरत नाही, चित्रेही उर्दू पडद्यावरून नव्याने घ्यावी लागतात.