टिक टिक होतंय, पण पेटत नाही!

डिसेंबरातली पहाट, जोतिबाचा डोंगर आणि अंगावर फक्त टॉवेल. तीन हजार फुटांवरच्या वाडी रत्नागिरीत वारं म्हणजे काय चीज आहे, ते अशा वेळी कळतं. मामांच्या घरामागं पत्र्याची वेगळी न्हाणी आहे. तिथं बंबाच्या जागी आता गॅस गिझर आलाय. मी नळ सोडला. ना आवाज, ना ज्योत.

"काय झालं इंजिनिअर?" बाहेरून मामा. हिंजवडीत बसून सर्व्हर सांभाळणाऱ्या भाच्याला साधा गिझर पेटवता येत नाही, हे त्यांना पटेना.

मग काय, ट्रबलशूटिंग सुरू. या गिझरचा फंडा असा, की पाणी हेच त्याचं बटण. पाण्याच्या दाबानं आतला रबरी पडदा सरकतो, स्विच दाबला जातो, ठिणगी 'टिक टिक' करू लागते आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. टिकटिकच नसेल तर आधी संशय पाण्याच्या दाबावर, नाहीतर सेलवर. टाकी उंचावर होती, धारही मस्त. खालचा डबा उघडला तर सेल पाझरलेले, पट्ट्यांवर हिरवट थर! पट्ट्या घासल्या, मामांनी टॉर्चमधले सेल काढून दिले.

आता टिक टिक झकास, पण ज्योत नाही. म्हणजे गॅसच पोचत नव्हता. आदल्या संध्याकाळी सिलिंडर बदललेला, पाइप लांबलचक, त्यात हवा भरलेली. नळ बंद-चालू करत राहिलं की ती निघून जाते. पण मामांनी काडेपेटीच काढली.

"अहो मामा, थांबा!"

आपला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेनचं मिश्रण. हवेपेक्षा जड, त्यामुळं गळला की जमिनीलगत साचतो. एवढ्या खटपटीत थोडा साचलाही असेल. नळ बंद, दार सताड उघडं, आणि पाच मिनिटं दोघंही कुडकुडत बाहेर. त्यानंतर तिसऱ्या खेपेला भप्प! निळी ज्योत.

उजेड झाला तेव्हा खरा लोचा दिसला. झरोक्यात गोणपाटाचा बोळा कोंबलेला.

"वारं लई शिरतंय रं," मामी म्हणाल्या.

गिझर पेटत नव्हता तेच बरं होतं म्हणायचं! गॅस जळताना खोलीतला ऑक्सिजन खातो. तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास मिसळलेला असतो, याला मात्र वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, पाय लटपटतात आणि कडी आतून लावलेली असते. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये एक्झॉस्ट बंद ठेवून, दार-खिडकी लावून गरम पाण्याखाली अर्धा तास उभे राहणारे तुम्ही-आम्ही काही वेगळे नाही.

बोळा काढला. बादली भरून गिझर बंद केला आणि मगच अंघोळ. दुपारी मामांनी मिस्त्रीला निरोप धाडला. गिझर आता बाहेरच्या भिंतीला, वाऱ्याच्या आडोशाला लागणार. आत फक्त गरम पाण्याचा पाइप.

"बंबाला एवढी नाटकं नव्हती," मामी पुटपुटल्याच.

काकडआरती तर हुकलीच. देवळात पोचलो तेव्हा साडेआठ वाजले होते.